अकराशे बावीस वॅट

गुणवंतराव ढवळे वाचायला बसले की शब्द तोंडातून निघतात आणि मिशीतच अडकून बसतात, असं सिंदीटोल्यातल्या सगळ्यांचं मत होतं. पण ते त्यांच्या तोंडावर कुणी बोललेलं नव्हतं. ते काम त्यांच्या थोरल्या बहिणीनं, गुलाबबाईनं केलं. तेही भर विहारात, वर्षावासाचं ग्रंथवाचन चालू असताना, पन्नासएक माणसांसमोर.

"गुणवंता," ती दारातून म्हणाली, "तू वाचून राह्यला का मनातल्या मनात मोजून राह्यला? मले इथी एक अक्षर येऊन नाई राह्यलं."

मोजण्याचा उल्लेख मुद्दाम होता. गुणवंतरावांनी चौतीस वर्षं आलापल्लीकडच्या लाकूड डेपोत सागाचे ओंडके मोजले होते. ओंडक्याला टेप गुंडाळायची, गोलाई आणि लांबी शेजारच्या कारकुनाच्या कानात सांगायची, पुढच्या ओंडक्याकडे वळायचं. चौतीस वर्षांत त्यांचा आवाज तीन फुटांपलीकडे जाण्याची कधी गरजच पडली नाही, कारण ओंडके काही उलट विचारत नाहीत. निवृत्त झाले त्याच साली विहारातले जुने वाचक मुलाकडे नागपूरला राहायला गेले, आणि समितीनं ग्रंथ गुणवंतरावांच्या पुढ्यात ठेवला. अडीच महिने वाचन झालं तरी तक्रार नव्हती. टिनाच्या छपरावर पाऊस असा काही वाजायचा की ज्याला त्याला वाटायचं, आपल्याला नाही तरी शेजारच्याला ऐकू येत असेल.

गुलाबबाईचं तसं नव्हतं. ती भामरागडकडे मुलाजवळ राहायची. पावसाळ्यात तिकडचे रस्ते तुटतात, म्हणून दर वर्षी पाणी लागायच्या आधी ती भावाकडे यायची आणि आश्विन पौर्णिमेला वाचनाचा समारोप झाला की परत जायची. वय अठ्ठ्याहत्तर. कान एवढे तिखट की आलापल्लीची बस फाट्यावर वळली हे गावातल्या कुत्र्यांच्या आधी तिला कळायचं. पण उजवा गुडघा वाकत नव्हता. पाय लांब करून बसावं लागायचं, आणि बुद्धमूर्तीकडे पाय करून बसणं तिला मान्य नव्हतं. खुर्ची दिली तर सगळे खाली आणि मी वर काऊन बसू, हा तिचा सवाल. म्हणून ती सगळ्यात मागं, दाराच्या उंबऱ्याशी, पाय ओसरीकडे सोडून बसायची. मूर्ती या टोकाला, वाचक मूर्तीजवळ, आणि गुलाबबाई चाळीस फूट लांब.

त्या दिवशी दोघं जेवायला बसले. बहिणीचं बोलणं त्यांना लागलं होतं, आणि लागण्याचं कारण त्यांना पक्कं ठाऊक होतं. हिनं उन्हाळेच्या उन्हाळे तेंदूपत्ता तोडून, पुडे बांधून त्यांना दहावीपर्यंत शिकवलं होतं. स्वतः शाळेची पायरीही चढली नव्हती. गुलाबबाईनं भाकरीचा तुकडा मोडला आणि शांतपणे सांगितलं, "तुले शिकवलं ते मले वाचून दाखवावं म्हणून. बाकीच्यायनं नाई आयकलं तरी चालते."

पौर्णिमेला अठरा दिवस उरले होते. गुणवंतरावांनी ताटावरच वचन दिलं की पुनवेला बाईला एकूण एक अक्षर ऐकू येईल. त्यांच्या पत्नी केसरबाई वाढता वाढता म्हणाल्या, "एक स्पीकरचा डब्बा लावा न जी बाईजवळ." पण चौतीस वर्षं सरकारी मोजमाप केलेल्या माणसाला असा बिनहिशेबी उपाय पटणं शक्य नव्हतं.

पहिला उपाय शेजारच्या राजदीपनं पुरवला. राजदीपचं आलापल्लीला मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं आणि घरात दहा बाय दहाच्या खोलीत एक होम थिएटर. खोक्यावर शंभर वॅट लिहिलेलं होतं, आणि त्याचा आवाज सगळ्या गल्लीला पाठ होता. त्यानं ॲम्प्लिफायर आणि दोन छोटे डबे विहारात आणून लावले, माइक गुणवंतरावांच्या हाती दिला. नेमका त्याच वेळी पाऊस आला. मागून आवाज वाढवा, वाढवा असं सुरू झालं. राजदीपनं बटन पिळत पिळत शेवटापर्यंत नेलं. गुणवंतरावांचा आवाज वाढला नाही, तो फाटला. जुनं धोतर फाडावं तसा तो टरकत चालला आणि करुणेवरचा एक अत्यंत सौम्य परिच्छेद कुणीतरी भांडून राहिल्यासारखा ऐकू येऊ लागला. मग डब्यातून जळका वास आला. बारीक आवाज काढणारा जो लहान स्पीकर असतो, ज्याला दुरुस्तीवाले ट्विटर म्हणतात, तो दोन्ही डब्यांतून एकदमच गेला.

राजदीप फक्त डब्यांच्या जाळीवरून हात फिरवत राहिला, आणि ते पाहणं बोलणी खाण्यापेक्षा अवघड होतं. बोलायचं काम बाकीच्यांनी वाटून घेतलं. एकाचं म्हणणं, वायर बारीक होती. दुसऱ्याचं, टिन आवाज खाते. तिसऱ्यानं माइक डाव्या हातात धरायला हवा होता असं शोधून काढलं. समितीचे अध्यक्ष नागसेन गुरुजी निवृत्त शिक्षक होते, त्यामुळे शेवटचा शब्द त्यांचा. वॅट कमी पडले, असं त्यांनी जाहीर केलं. खरं तर एवढ्याशा ॲम्प्लिफायरला त्याच्या कुवतीबाहेर ओरडायला लावलं होतं आणि त्या फाटक्या आवाजानंच ट्विटर जाळले होते. पण हे कळणारं माणूस त्या गर्दीत नव्हतं.

वॅट कमी पडले, तर किती हवेत? हा प्रश्न निघाला आणि गुणवंतरावांच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी तेज आलं. कारण हा मोजण्याचा प्रश्न होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ते डेपोतली जुनी टेप घेऊन विहारात हजर झाले. लांबी चाळीस फूट, रुंदी चोवीस, उंची बारा. अकरा हजार पाचशे वीस घनफूट. राजदीपची खोली दहा बाय दहा बाय दहा, म्हणजे हजार घनफूट, आणि तिला शंभर वॅट पुरून उरतात. त्रैराशिक साधं होतं. अकराशे बावन्न वॅट.

इथंच थांबले असते तर ते गुणवंतराव कसले? सागाच्या मापात सालीची सूट धरतात. सूट न धरता माप लावणं म्हणजे त्यांच्या दृष्टीनं भ्रष्टाचारच. विहारात शंभर माणसं बसणार, ती तेवढी जागा व्यापणार, आणि माणसाच्या पोटात काही आवाज भरावा लागत नाही. तेव्हा माणसांचं घनफळ वजा करणं भाग होतं. नमुन्यासाठी नागसेन गुरुजींना बसवण्यात आलं. गुरुजींच्या पोटाभोवती टेप गुंडाळून गोलाई घेतली, अठ्ठेचाळीस इंच. गोलाईचा चौथा हिस्सा काढायचा, त्याचा वर्ग करायचा, लांबीनं गुणायचं, ही डेपोची रीत. बसलेल्या गुरुजींची लांबी तीन फूट भरली. म्हणजे एक गुरुजी बरोबर तीन घनफूट.

"शंभर गुरुजी, तीनशे घनफूट. वजा जाता अकराशे बावीस वॅट," गुणवंतरावांनी निकाल दिला. गुरुजींना, ओंडक्याला लागते तशी आपली प्रत काय लागली हे विचारावंसं वाटत होतं, पण त्यांनी मोह आवरला. केसरबाई दारात उभ्या राहून हे सगळं पाहत होत्या. त्यांनी पुन्हा एकदा त्या डब्याचं काढलं. गुणवंतरावांनी त्यांना हिशेबाचा कागद दाखवला, आणि कागदापुढे केसरबाईंचा इलाज चालला नाही.

अकराशे बावीस वॅट लग्नाच्या वरातीत वाजणाऱ्या सेटशिवाय कुठं मिळत नाहीत. चंद्रपूरकडच्या अमर नावाच्या माणसाकडे तसा सेट होता. कपाटाएवढे चार डबे, प्रत्येकात अठरा इंची स्पीकर, आणि दोघांनी उचलायचा ॲम्प्लिफायर. गुणवंतरावांनी फोनवरच अठरा इंचाची गोलाई काढली, साडेछप्पन्न, आणि एवढी गोलाई म्हणजे माल उत्तम प्रतीचा असं मानून सौदा पक्का केला.

मग नागसेन गुरुजींनी परवानगीची आठवण दिली. एवढा मोठा ध्वनिक्षेपक विनापरवाना लावला तर समितीवर येईल. गुणवंतराव तालुक्याला एका कचेरीत गेले. तिथल्या कारकुनानं अर्ज लिहून आणा म्हटलं. आता गुणवंतरावांनी नोकरीत एकाच प्रकारचा कागद लिहिला होता, तो म्हणजे लाकडाच्या वाहतुकीचा. हात आपसूक त्याच वळणावर गेला. नग चार. गोलाई साडेछप्पन्न इंच. उंची चार फूट. प्रत उत्तम. प्रयोजन वाचन. कारकुनानं अर्ज दोनदा वाचला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला आणि लाकूड कोणतं म्हणून विचारलं. सगळा खुलासा ऐकल्यावर त्यानं खाली "सकाळची वेळ, आवाज मर्यादेत" असं लिहून शिक्का मारून दिला. गुणवंतराव खूश झाले. त्या कागदाचा फोटो त्यांनी अमरला पाठवला आणि वाटेत कुणी विचारलं तर दाखवायला सांगितलं.

वाटेत विचारलं ते जंगलखात्याच्या नाक्यावर. रखवालदारानं गाडीत ताडपत्रीखाली चार मोठ्ठ्या वस्तू पाहिल्या, कागद मागितला, आणि अमरनं भाबडेपणानं तो दाखवला. नग, गोलाई, उंची, प्रत. रखवालदारानं गाडी बाजूला घेतली. अमर स्पीकर स्पीकर म्हणून जीव तोडून सांगत होता, पण कागद काही वेगळंच सांगत होता आणि नाक्यावर कागदाचं ऐकतात. शेवटी गुणवंतरावांना फोन गेला आणि ते राजदीपच्या गाडीवर बसून नाक्यावर पोहोचले. तोवर रखवालदारानं एका डब्याची जाळी काढून स्पीकरला टेप लावली होती.

"भाऊ, माप तं बरोबर आहे तुमचं," तो म्हणाला. "अर्ध्या इंचाचाई फरक नाई."

त्यानं गाडी सोडली. दीड तास वाया गेला होता, अमरनं पुन्हा या बाजूला न येण्याची शपथ घेतली होती, तरी परत येताना गुणवंतराव राजदीपच्या पाठीमागं समाधानानं बसले होते. निवृत्तीनंतर त्यांच्या मापाची तारीफ पहिल्यांदाच झाली होती.

समारोपाला दोन दिवस असताना विहारात चाचणी झाली. चार डबे आत ठेवल्यावर माणसांना जागा उरली नाही, ही गोष्ट घनफुटाच्या हिशेबात आली नव्हती. अमर म्हणाला, भाऊ, हा सेट मैदानाचा आहे, पाचशे माणसं नाचत असली की बरा वाटते, इथं तुम्ही खोलीत हत्ती बांधून राहिले. पण गुणवंतरावांनी माइक हातात घेतला होता. त्यांनी पहिला शब्द उच्चारायच्या आधी नुसता घसा खाकरला. छपराच्या टिना एका सुरात थरथरल्या, भिंतीचा पोपडा सुटून नागसेन गुरुजींच्या खांद्यावर पडला आणि आढ्यातली कबुतरं जी निघाली ती थेट तलावाकडे गेली. पाठोपाठ माइकनं अशी शिट्टी मारली की गुलाबबाईनं दोन्ही कानांवर हात ठेवले.

अमरनं घाईनं आवाज कमी केला. फार कमी केला, कारण बटन केसभर हललं तरी टिना बोलायला लागायच्या. आता शिट्टी नव्हती. पण एवढ्या मोठ्या ॲम्प्लिफायरची आपली स्वतःची एक घरघर असते. वरातीत ती कुणाला कळत नाही, विहारात मात्र तेवढीच ऐकू यायला लागली. गुणवंतरावांनी तळमळून दोन पानं वाचली आणि मग मोठ्या आशेनं बहिणीकडे पाहिलं.

"आटाचक्की कोनं लावली बाप्पा?" गुलाबबाईनं विचारलं.

अमर सेट घेऊन गेला. गुणवंतराव रिकाम्या विहारात बराच वेळ टेप हातात घेऊन बसले होते. हिशेबात चूक नव्हती, ते त्यांनी तीनदा तपासलं होतं. चूक हिशेबात असती तर त्यांना बरं वाटलं असतं, ती दुरुस्त करता आली असती. परवा बाई जाईल. पुढच्या पावसाळ्यात ती येईल की नाही, आली तर उंबऱ्यापर्यंत चालू शकेल की नाही, हे कोण सांगणार? तिनं तोडलेल्या तेंदूपत्त्याच्या पुड्यांवर ते शिकले आणि तिला एक पान ऐकवता येईना, याची त्यांना मनापासून लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी राजदीपचे जळके डबे निदान दुरुस्त तरी करून द्यावेत म्हणून ते आलापल्लीच्या बाजारात पत्रूकडे गेले. पत्रू चाळीस वर्षं रेडिओ दुरुस्त करत होता आणि आता रेडिओ येत नसल्यामुळे त्याच्याकडे गिऱ्हाइकाचं ऐकून घ्यायला वेळ होता. गुणवंतरावांनी त्याला अकरा हजार पाचशे वीस घनफुटांपासून सगळं सांगितलं. पत्रूनं डबा उघडता उघडता एकच विचारलं.

"विहाराचं माप राहू द्या भाऊ. बाई कुठी बसते?"

"दारात."

"मंग डब्बा दारात ठेवा न जी. तुमी चाळीस फुटावरून तिले हाका काऊन मारून राह्यले?"

गुणवंतरावांनी हिशेबाचा कागद घडी करून खिशात ठेवला. पत्रूनं मग त्याला जे ठाऊक होतं ते सांगितलं. लहान ॲम्प्लिफायर शेवटपर्यंत पिळला की तो फाटतो आणि स्पीकर जाळतो. फार मोठा आणून दाबून ठेवला की नुसता घरघरतो. डब्यापेक्षा ॲम्प्लिफायर थोडा तगडा असावा, दीडपट म्हणा, आणि बटन अर्ध्यापुढं नेऊ नये. "त्यानं वरडाचं नसते भाऊ," तो म्हणाला, "बसून बोलाचं असते." खोक्यावर शंभर लिहिलं असलं तरी डबा खरा वीस वॅटचाच होता, म्हणून त्यानं फळीवरून जुना तीस वॅटचा ॲम्प्लिफायर काढला, राजदीपच्या एका डब्यात नवा ट्विटर बसवला आणि चाळीस फूट वायर गुंडाळून दिली.

घरी आल्यावर गुणवंतरावांनी केसरबाईंना सांगितलं की पत्रू फार हुशार मेकॅनिक आहे, त्यानं एक नवीनच उपाय काढला, डबा बाईजवळ ठेवायचा. केसरबाईंनी वायरीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि पत्रू हुशारच असेल असं म्हणून त्या भात उतरवायला आत गेल्या. त्या रात्री वरण अळणी होतं. गुणवंतरावांनी मीठ मागितलं नाही.

पौर्णिमेच्या सकाळी विहार भरला. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, पार भिंतीपर्यंत माणसं. गुलाबबाई नेहमीच्या जागी, पाय ओसरीकडे, आणि तिच्या उजव्या कानापासून हातभर अंतरावर तो छोटासा डबा. वंदना झाली. गुणवंतराव वाचायला बसले. बटन अर्ध्यावर होतं. शिट्टी झाली नाही, टिना हलल्या नाहीत, आणि त्यामुळे काही लागलं आहे की नाही याचीच त्यांना शंका येऊ लागली. त्यांनी वाचता वाचता दाराकडे पाहिलं. गुलाबबाईचे डोळे मिटलेले होते. झोपली असेल, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांचा जीव बारीक झाला. पण वाचन थांबवणं शक्य नव्हतं. त्यांनी पान उलटलं आणि पुढं वाचू लागले.

"थांब, गुणवंता," दारातून आवाज आला. "मधातलं एक पान राह्यलं."

शंभर माना मागं वळल्या. असं विहारात कधी झालं नव्हतं. नागसेन गुरुजी उठले, ग्रंथाशी वाकले आणि नखानं पान सोडवून पाहिलं. ओलीनं दोन पानं एकमेकांना चिकटली होती. गुणवंतरावांनी ती एकदमच उलटली होती. शंभर माणसं ऐकत होती, गुरुजी तर प्रत्येक वाक्याला मान डोलावत होते, आणि कळलं ते फक्त एकीला. वीस वर्षं दर पावसाळ्यात जुन्या वाचकाचा दणदणीत आवाज ऐकून तिला पुस्तक पाठ झालं होतं.

मोजणीत अर्ध्या इंचाची चूक न करणाऱ्या माणसाची चूक गावासमोर निघाली होती, तीही चालू वाचनात. कुणी तरी हळूच हसलं. गुणवंतरावांचे कान लाल झाले. मग त्यांच्या लक्षात आलं की चूक काढायला आधी ऐकू यावं लागतं, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. चौतीस वर्षांच्या नोकरीत वरिष्ठांनी दिलेल्या एकाही शाबासकीनं त्यांना एवढा आनंद झाला नव्हता.

त्यांनी राहिलेलं पान वाचलं. दहा ओळी झाल्या नाहीत तोच दारातून पुन्हा सूचना आली की तो शब्द गिळू नको, पूर्ण म्हण. त्यांनी पूर्ण म्हटला. त्यानंतर एका ठिकाणी वाक्य फार घाईनं घेतलं गेलं, तेही परत घ्यावं लागलं. विहाराच्या मागं खिरीचं पातेलं उतरवून ठेवलं होतं आणि बायका दारातून डोकावून किती पानं राहिली ते पाहून जात होत्या. चौथ्यांदा तिनं मागची ओळ परत मागितली तेव्हा नागसेन गुरुजींचा धीर सुटला. त्यांनी वायरीकडे बोट दाखवलं आणि दारातला डबा बंद करू का, असं खुणेनं विचारलं.

गुणवंतरावांनी जोरात मान हलवून नाही म्हटलं. मग बहिणीकडे पाहिलं. ती वाट पाहत होती. त्यांनी बोट मागच्या ओळीवर नेलं आणि तिथून पुन्हा वाचायला सुरुवात केली.